रॉटरडॅमची द्राक्षे आणि चऱ्होलीची द्राक्षे

दिवाळीच्या अंकात द्राक्षांचे काय काम, असे वाचक विचारतील. द्राक्षे यायची ती माघ-फाल्गुनात. दिवाळीच्या ताटात चकल्या, शंकरपाळे आणि अनरसे. पण ज्या घरात एक तरी द्राक्षबागायतदार आहे त्या घराला विचारून पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सोऱ्यातून चकल्या पडत असतात, तेव्हा निफाड-दिंडोरीकडे माणसे कात्र्या घेऊन वेलींच्या काड्या छाटीत असतात. फाल्गुनात येणाऱ्या घडाची सुरुवात या छाटणीपासून होते. माझा थोरला भाऊ निफाड तालुक्यात बाग करतो. त्यामुळे आमच्या चऱ्होलीच्या घरी भाऊबीज पंचांगाप्रमाणे होत नाही, दादाच्या छाटणीप्रमाणे होते. कधी तो दोन दिवस उशिरा येतो, कधी एका रात्रीपुरता येतो, आणि पाटावर बसून ओवाळून घेतानाही त्याचा डोळा खिडकीतून दिसणाऱ्या ढगाकडे असतो.

मी कॉलेजात मराठी शिकविते. शेतीशी माझा संबंध माहेरापुरता आणि रसायनशास्त्राशी मॅट्रिकपुरता. तरीही अन्नाच्या तपासणीसारख्या रूक्ष विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, ते माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने गेल्या फाल्गुनात विचारलेल्या एका प्रश्नामुळे.

झाले असे. दादा काही कामाने पुण्यास आला होता, तो वाटेत आमच्याकडे डोकावला. या खेपेला हात हलवीत आला, कारण त्याची बाग नुकतीच ‘एक्सपोर्ट’ला गेली होती. द्राक्षवाल्या मामाला द्राक्षांवाचून कसे पाठवायचे, म्हणून मीच चऱ्होली फाट्यावरच्या हातगाडीवरून किलोभर आणली होती. कन्या ती नळाखाली धूत होती. धुता धुता तिने विचारले, “मामा, तुझी द्राक्षं रॉटरडॅमला जायच्या आधी तपासतात ना रे?”

“तपासतात म्हणजे! पास झाल्याशिवाय पेटी भरू देत नाहीत.”

“मग ही कोणी तपासली?”

दादाने घड हातात घेऊन फिरवून पाहिला. “ही लोकल आहेत, बाळा,” तो म्हणाला.

“म्हणजे आपण लोकल?”

दादा हसला, मीही हसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते पुढे सांगेन. आधी त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे युरोपात जाऊन यायला हवे.

एकाचा शिक्का, सर्वांचा बाजार

पूर्वी युरोपातील प्रत्येक देशाचा अन्नतपासनीस आपापल्या सरहद्दीवर उभा असे. शेजारच्या देशाची पेटी आली की ती उघडायची, आपल्या कायद्याशी ताडून पाहायची, पसंत पडली तर सोडायची. या ताडून पाहण्यात किती मौज होती, त्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. फ्रान्समध्ये ‘कासिस द दिजों’ नावाचे फळांचे एक गोड मद्य होते. जर्मनीने ते अडविले. कारण काय, तर त्यात मद्यार्क कमी! जर्मन कायद्याला अशा पेयात निदान २५ टक्के हवा होता आणि यात होता १५ ते २०. दारू पुरेशी कडक नाही म्हणून सरकारने ती बाहेर ठेवावी, हे आपल्याकडच्या माणसाला चटकन पटायचे नाही. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेले. १९७९ साली निकाल लागला, त्याचा मथितार्थ असा: एका देशात कायद्याने विकली जाणारी वस्तू दुसऱ्याने उगाच अडवू नये, सबळ कारण असेल तरच अडवावी.

१ जानेवारी १९९३ पासून एकत्र बाजार अमलात आला आणि आतल्या सरहद्दींवरच्या तपासण्या संपल्या. तपासनिसांना वाटले असेल, आता आपले काम गेले. प्रत्यक्षात ते वाढले. सरहद्दीवरून उठून त्यांना आपल्याच देशातल्या गोठ्यात, कारखान्यात, शेतात जाऊन उभे राहावे लागले, कारण त्यांनी सोडलेली पेटी आता बाकीचे देश न उघडता घेणार होते. बाहेरच्या जगातून येणारा माल तर ज्या बंदरात उतरेल तेथल्या तपासनिसाने सर्वांच्या वतीने पाहायचा. रॉटरडॅमला सुटलेली द्राक्षाची पेटी म्युनिकला किंवा वॉर्साला पुन्हा कोणी अडवीत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर एका कॉलेजने दिलेले गुण सर्व विद्यापीठांनी मानायचे. अशा वेळी परीक्षकाचा हात थरथरतो, हे मी अनुभवाने सांगते.

नव्याने सामील होणारे देशही डोळे मिटून आले नाहीत. स्वीडन आणि फिनलंड १९९५ साली आले, तेव्हा त्यांनी साल्मोनेला नावाच्या रोगजंतूबद्दल आपला जुना कडकपणा सोडला नाही. आमच्याकडे मांस वा अंडी पाठवायची तर या जंतूची तपासणी झाल्याचा कागद बरोबर हवा, अशी अट त्यांनी करारातच घालून घेतली.

हा परस्परांवरचा विश्वास एकदा चांगलाच तडकला. गायींच्या मेंदूच्या रोगाचा माणसांच्या एका जीवघेण्या आजाराशी संबंध असावा, असे ब्रिटनने मार्च १९९६ मध्ये जाहीर केले आणि युरोपने ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली. १९९९ साली बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खाद्यात डायॉक्सिन हे विष निघाले. या धक्क्यांतून २००२ साली नवा मूलभूत अन्नकायदा झाला. त्याच कायद्याने शास्त्रीय सल्ला देणारी एक स्वतंत्र संस्था निर्माण झाली. ती आज इटलीत पार्मा येथे आहे. तपासणी मात्र ज्या त्या देशाची. या कायद्याचा गाभा मला फार साधा वाटला: अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाला ‘हे मी कोणाकडून घेतले आणि कोणाला दिले’ हे सांगता आले पाहिजे. आणि एका देशाला काही वावगे सापडले की त्याने तातडीचा इशारा सर्वांना धाडायचा. या इशाऱ्याची पद्धत १९७९ पासूनच चालत आलेली होती.

एक ग्रॅम आणि आठ कंटेनर

हा इशारा २००३ साली आपल्या अंगावर आला. नेदरलँड्सच्या तपासणीत भारतीय द्राक्षांत मेथोमिलसारख्या कीटकनाशकांचा अंश मर्यादेबाहेर सापडला. पूर्वीच्या दिवसांत एका बंदरात नाकारलेला माल दुसऱ्या बंदरात खपविता आला असता. आता एका ठिकाणी वाजलेली घंटा सर्व घरांत ऐकू गेली.

त्यातून आपल्याकडे जे उभे राहिले त्याचा अभिमान वाटावा. पुण्याच्या दुसऱ्या अंगाला मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथील प्रयोगशाळेकडे बाकीच्या प्रयोगशाळांवर लक्ष ठेवण्याचे काम आले. शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या संस्थेने २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही नोंदणीची पद्धत सुरू केली. दादाच्या बागेचा निर्यातीचा तुकडा कृषी खात्याकडे नोंदलेला असतो. कोणती फवारणी केव्हा, किती, कशासाठी, हे त्याच्या वहीत लिहिलेले असते. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन घड तोडून नेतो. दादाने निवडून दिलेले चालत नाहीत. नापास झाला तर त्या तुकड्यातला घड देशाबाहेर जात नाही. पास झाला तर पॅकहाउसमध्ये पेटीवर जो नंबर चढतो, त्यावरून तीन-चार आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतरही रॉटरडॅमचा तपासनीस थेट दादाच्या तुकड्यापर्यंत पोहोचू शकतो.

मर्यादा तरी किती बारीक! १ सप्टेंबर २००८ पासून युरोपभर त्या एकसारख्या झाल्या. ज्या औषधासाठी वेगळा आकडा ठरविलेला नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. बारा-तेरा टनांचा एक कंटेनर धरला तर आठ कंटेनर भरून द्राक्षे आणि त्यांत चिमूटभर मिठाएवढे औषध!

ही मर्यादा ओलांडली म्हणजे द्राक्ष विषारी झाले, असे मात्र समजू नये. औषध योग्य रीतीने वापरले तर किती अंश उरेल, हे पाहून आणि तो अंश आरोग्याला बाधत नाही याची खात्री करून ही रेघ आखलेली असते. रेघ ओलांडली म्हणजे कुठेतरी हात सैल सुटला, एवढे निश्चित.

चार क्रेट

आता त्या रात्री झोप का लागली नाही, ते सांगते.

२०१० साल. सीसीसी नावाचे एक औषध आहे, क्लोरमेक्वाट क्लोराइड. हे कीड मारीत नाही. वेलीची अवाजवी वाढ रोखते, म्हणजे ताकद घडाकडे जाते. बागायतदार ते वर्षानुवर्षे वापरीत होते. आपल्याकडे तपासायच्या औषधांच्या यादीत त्या हंगामात त्याचे नाव नव्हते. युरोपच्या पुस्तकात मात्र द्राक्षासाठी त्याचा आकडा होता, ०.०५ मिलिग्रॅम. एप्रिलमध्ये तिकडच्या तपासणीत ते सापडले आणि आपल्या कागदावर पास झालेले कंटेनर तिकडे अडकले. नाशिक-सांगलीकडच्या कितीतरी घरांचे वर्ष त्या एका महिन्यात बुडाले.

दादाचाही माल अडकला. ज्या व्यापाऱ्याने तो नेला होता त्याने फोन उचलणे बंद केले. बागेत शेवटचा थोडा माल उरला होता, तो पडत्या भावाने देशी बाजारात गेला. त्यातले चार क्रेट टेंपोत टाकून दादा चऱ्होलीला आला. “विकण्यापेक्षा बहिणीनं खाल्लेली बरी,” म्हणाला. मला पाचवा महिना होता. उन्हाळा, तोंडाला चव नाही, आणि समोर माहेरची द्राक्षे! मी वाडगे भरभरून खाल्ली. सासूबाईंनी आळीभर वाटली.

महिनाभराने वहिनींचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, “वन्सं, ती द्राक्षं तुम्ही जास्त नाही ना खाल्लीत?”

दादाने ती फसवणूक म्हणून आणली नव्हती. तो स्वतः तीच खात होता. घरची मुले तीच खात होती. आपल्या वेलीचा माल वाईट असेल हे त्याच्या मनालाच शिवले नव्हते. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावले, घाबरण्यासारखे काही नाही. आणि खरोखरच काही झाले नाही. श्रावणात कन्या झाली, चांगली धडधाकट. पण त्या चार महिन्यांतल्या कितीतरी रात्री मी पोटावर हात ठेवून छताकडे पाहत काढल्या आहेत. भीती आकडे पाहून येत नाही. ज्या मुलीसाठी मी तशी जागले, तीच आज मला विचारते आहे, “म्हणजे आपण लोकल?”

पुढच्या हंगामापासून सीसीसीची तपासणी सुरू झाली. तिकडून नकार आला आणि इकडे दुरुस्ती झाली. हापूसचेही असेच घडले. फळमाशी सापडू लागल्यामुळे युरोपने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, कारली, पडवळ, वांगी आणि अळूची पाने बंद केली. त्या वर्षी लंडनमधल्या मराठी घरांत आमरस झाला नाही, आळूवड्याही झाल्या नाहीत. मग निर्यातीच्या तपासणीची व्यवस्था कडक झाली आणि जानेवारी २०१५ मध्ये युरोपने आंब्यावरची बंदी उठवली. परदेशाच्या नकाराने आपले काम सुधारते. मग घरच्या माणसाला नकार देण्याची सोय का नसावी?

आपला कायदा, आपली मंडई

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. युरोपने एक बाजार १९९३ साली केला. आपल्या सगळ्या राज्यांना मिळून अन्नभेसळीचा एक कायदा १९५५ पासून लागू होता. त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली, तो ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. औषधांच्या अंशाचे आकडेही त्यात आहेत. ज्या औषधाला वेगळा आकडा नाही त्याला आपल्याकडेही ०.०१ हाच आकडा ठेवला गेला. कागदावर चऱ्होली आणि रॉटरडॅम यांत फारसे अंतर नाही.

माझा एक जुना विद्यार्थी अन्नसुरक्षा अधिकारी झाला आहे. “बाई, आम्हांला दिवाळीची सुट्टी नसते,” तो म्हणाला. बाहेरगावचा खवा रात्रीच्या बसमधून येतो. पहाटे उभे राहून तो पकडायचा. नमुन्याचे चार भाग करायचे: एक विश्लेषकाकडे, दोन वरिष्ठांकडे राखून, आणि दुकानदाराने मागितले तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. “चौदा दिवसांत, बाई, भाऊबीजही होऊन जाते.” संशय आला तर माल जप्त करता येतो, पण प्रत्येक दुकानात, प्रत्येक पहाटे कोण पोहोचणार? त्याने मला एक घरगुती युक्तीही सांगितली. खव्याचा कण पाण्यात उकळून, थंड झाल्यावर त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा रंग आला तर त्यात पिठाची भेसळ आहे. वाचकांनी करून पाहावी.

पण खरी अडचण मला दुसरीकडेच दिसते. माझे सासरे हयात होते तेव्हा आमच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर पहाटे मंडईत जायची. दहा मळ्यांच्या जुड्या एका ढिगात पडल्या की आमची कुठली आणि शेजाऱ्याची कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. सासरे मेथीवर औषध मारीत नसत. त्याचा त्यांना एक पैसा जास्त मिळाला नाही. आणि जो काल फवारून आज काढी, त्याचा एक पैसा कमी झाला नाही. ढिगाला नाव नसते. नाव नसले की चांगल्याचे कौतुक होत नाही आणि वाईटाला लाज वाटत नाही. परत पाठवायचे ठरविले तरी कोणाकडे पाठविणार?

गंमत पाहा, १९९७ साली महापालिकेत आलेले हे आमचे गाव आता चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसांनी भरले आहे. माझे यजमान त्यांपैकीच. तपासणी खात्यात आहेत. त्यांच्याकडे ब्रेकच्या हातभर भागावर नंबर असतो. बिघाड निघाला तर तो भाग कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर झाला, हे तासाभरात सांगता येते. दिवसभर एकेका बोल्टचे कुलगोत्र विचारणारा हा गृहस्थ संध्याकाळी फाट्यावर गाडी थांबवून द्राक्षे घेतो, तेव्हा फक्त भाव विचारतो. मी तरी दुसरे काय करीत होते?

म्हणून मला वाटते, तपासणीचे मर्म प्रयोगशाळेतल्या यंत्रात कमी आणि पेटीवरच्या नावात अधिक आहे. युरोपच्या देशांनी एकमेकांवर विश्वास टाकला, तो माणसे भली आहेत म्हणून नव्हे. प्रत्येक पेटी कोणाची ते सांगता येते म्हणून.

यंदाची ओवाळणी

त्या फाल्गुनातल्या प्रश्नानंतर दादा बरेच दिवस या विषयावर बोलला नाही. त्याच्याकडे दोन तुकडे आहेत, एक एक्सपोर्टचा, एक लोकलचा. एक्सपोर्टच्या तुकड्याला शेवटची फवारणी आणि काढणी यांतले दिवस तो बोटावर मोजतो. लोकलच्या तुकड्याला वही नव्हती. हे त्याने मला कधी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. माहेरच्या द्राक्षाला बहीण काय प्रश्न विचारणार?

परवा त्याचा फोन आला. छाटणी सुरू झाली होती. म्हणाला, “यंदा दोन्ही तुकड्यांना एकच वही केली आहे. तपासणीचा खर्च जड आहे, पण एकदा करून पाहतो.” बाजारातला अडत्या हसला म्हणे: “भाऊ, याचा रुपया जास्त मिळायचा नाही.” अडत्या खोटे बोलत नाही. वहिनींनाही तीच काळजी आहे. यावर आमच्या यजमानांनी एक तोड काढली. क्रेटवर दादाचे नाव, तुकडा आणि काढणीची तारीख लिहून काही माल सरळ आमच्या सोसायटीत आणायचा. सोबत तपासणीचा कागद. वीस-पंचवीस घरांनी होकार दिला आहे. दोन रुपये जास्त द्यायला किती घरे खरोखर खाली उतरतात, ते फाल्गुनात दिसेल. एकदा माल आंबट निघाला की तीच घरे दारात उभी राहतील, हेही दादाला ठाऊक आहे.

“उभी राहू देत,” तो म्हणाला. “रॉटरडॅमवाला तर दिसतही नाही. ही निदान तोंडावर बोलतील.”

भाचीला काय आणू, असे त्याने शेवटी विचारले. ती शेजारीच होती. फोनमध्ये डोके घालून म्हणाली, “मामा, लोकलची वही आण. मला बघायची आहे.”

यंदा भाऊबीज कधी होणार, ते अजून छाटणीवर आहे. पाट मात्र मांडून ठेवला आहे.